वायरलेस इक्वलायझरसाठी मल्टिथ्रेडेड प्रोसेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगळं सांगितलं नसेल तिथे उदाहरण एकच धरलं आहे: ५जी हँडसेटचा रिसीव्हर, १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ, ३० किलोहर्ट्झ सबकॅरिअर अंतर, ३२७६ सबकॅरिअर (बँडविड्थचे अरुंद पट्टे), ४ अँटेना आणि ४ लेअर (एकाच वेळी पाठवलेले वेगवेगळे डेटा प्रवाह). अर्ध्या मिलिसेकंदाच्या स्लॉटमध्ये १४ सिम्बॉल असतात. त्यातले २ पायलटचे (चॅनेल मोजण्यासाठी पाठवलेले, आधीच माहीत असलेले) आणि १२ डेटाचे धरले आहेत. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा आहे आणि दर सायकलला १६-बिटांचे १६ वास्तव गुणाकार-बेरीज, म्हणजे १६ मॅक, करतो.

१. इक्वलायझर म्हणजे गाण्याच्या सिस्टिमवर बास-ट्रेबल कमीजास्त करतो तोच का?

कूळ एकच, काम वेगळं. तिथे आपण आपल्या आवडीने फ्रीक्वेन्सी वरखाली करतो. इथे इमारती, डोंगर, गाड्या यांनी सिग्नलचं जे काही केलं ते उलटवायचं असतं. एकच सिग्नल अनेक वाटांनी, थोड्या थोड्या उशिराने येतो. त्यामुळे काही फ्रीक्वेन्सी दबतात, काही फुगतात आणि प्रत्येकीची फेज फिरते. अनेक अँटेना असतील तर लेअर एकमेकांत मिसळलेले येतात, तेही सोडवावे लागतात. शिवाय हे चित्र सतत बदलतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत, ३.५ गिगाहर्ट्झवर, डॉप्लर (वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक) सुमारे ३२४ हर्ट्झ येतो. म्हणजे साधारण १.३ मिलिसेकंदात चॅनेल (सिग्नलची हवेतली वाट) ओळखू येणार नाही इतका बदलतो. हे सगळं उलटवणारा फिल्टर दर स्लॉटला नव्याने काढावा लागतो तो यामुळे.

२. थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधले थ्रेडच ना?

नाही. इथे थ्रेड हार्डवेअरमध्ये असतो: स्वतःचा प्रोग्रॅम काउंटर आणि स्वतःची रजिस्टरं. गुणक, मेमरी पोर्ट आणि पाइपलाइन (सूचना पायरीपायरीने पार पाडणारी साखळी) मात्र सगळ्यांत सामायिक. थ्रेड बदलायला शून्य सायकल लागतात, कारण काहीही साठवून ठेवायचं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड बदलायला शेकडो ते हजारो सायकल जातात. एका सिम्बॉलला फक्त ३५.७ मायक्रोसेकंद मिळत असताना तो मार्ग परवडत नाही.

३. थ्रेड वाढवले की वेग वाढतो, बरोबर?

सर्वाधिक येणारा प्रश्न, आणि सर्वाधिक महागात पडणारा गैरसमज. थ्रेडने गुणक वाढत नाहीत. रिकाम्या जाणाऱ्या सायकल भरतात, एवढंच. समजा मॅकचं उत्तर ४ सायकलनंतर मिळतं आणि पुढची सूचना त्याच उत्तरावर अवलंबून आहे. एकटा थ्रेड ४ पैकी ३ सायकल हात बांधून बसेल. आणखी तीन थ्रेड त्या भरून काढतील. पाचव्याला भरायला काही उरलेलंच नसतं. तो फक्त रजिस्टरं आणि सिलिकॉन खातो.

४. मग नेमके किती थ्रेड ठेवायचे?

कोड हातात घेऊन मोजा. उत्तर मिळायला लागणाऱ्या सायकलींना एका थ्रेडमध्येच उपलब्ध असलेल्या परस्परस्वतंत्र सूचनांच्या संख्येने भागा. जो आकडा येईल तितके थ्रेड.

पेच असा की इक्वलायझरच्या दोन भागांची उत्तरं वेगळी येतात. फिल्टर लावण्याच्या भागात चार लेअर, प्रत्येकाचा वास्तव आणि काल्पनिक भाग, म्हणजे ८ स्वतंत्र बेरजा एकाच वेळी चालू असतात. विलंब ४ सायकलचा, स्वतंत्र कामं ८. इथे एक थ्रेडही पुरतो. फिल्टर काढण्याच्या भागात, म्हणजे मॅट्रिक्सच्या व्यस्तात, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या भागाकारावर अडते आणि स्वतंत्र काम जवळपास उरत नाही. थ्रेडांची खरी गरज तिथे आहे. बहुतेकजण पहिला भाग मोजून थ्रेड निरुपयोगी ठरवतात किंवा दुसरा मोजून आठ ठेवतात. आमच्या उदाहरणाला ४ योग्य आहेत. आठ ठेवायचे तर आधी प्रश्न ९ वाचा.

व्यस्त काढताना सॉफ्टवेअरमध्येच १६-१६ सबकॅरिअरचे दोन गट आलटून पालटून चालवले तर थ्रेड कशाला, असंही विचारतात. कल्पना बरोबर आहे, पण एका गटाच्या ग्राम मॅट्रिक्सलाच (चॅनेलचा मॅट्रिक्स स्वतःच्याच संयुग्मी परिवर्ताने गुणून येणारा, ज्याचा व्यस्त काढायचा तो) १६ व्हेक्टर रजिस्टरं (एकेकात १६ सबकॅरिअरचे आकडे) लागतात: कर्णावरची ४, बाकीच्या ६ घटकांची प्रत्येकी २. दुसरा गट घेतला की थ्रेडची सगळी ३२ संपली आणि मधल्या उत्तरांना जागा उरली नाही.

५. एकूण गणित किती आहे?

फिल्टर लावणं: ४×४ मॅट्रिक्सचे १६ संमिश्र गुणाकार, म्हणजे ६४ मॅक. ३२७६ × १२ × ६४ = २५,१५,९६८ मॅक दर स्लॉटला, सेकंदाला सुमारे ५ अब्ज.

फिल्टर काढणं: ग्राम मॅट्रिक्सला १२८ मॅक (कर्णावर ४ × ८, बाहेर ६ × १६, मॅट्रिक्स हर्मिशियन असल्याने अर्धीच काढायची), व्यस्ताला ढोबळमानाने तेवढेच, आणि शेवटच्या मॅट्रिक्स गुणाकाराला २५६. प्रत्येक सबकॅरिअरला साधारण ५०० ते ६०० मॅक. दर स्लॉटला एकदा काढलं तरी सेकंदाला ३.३ ते ३.९ अब्ज.

मिळून ८.६ अब्जांच्या आसपास. आपली क्षमता १६ अब्ज, म्हणजे ५४ टक्के वापर हवा. कागदावर ऐसपैस वाटतं. प्रत्यक्षात ४ सायकलच्या विलंबात अडकलेला कोड २५ टक्क्यांवर येतो.

६. थ्रेड बरोबर ठेवले, तरी वापर साठ टक्क्यांच्या वर जात नाही. का?

बहुधा सायकलला एकच सूचना सुटते आहे. १६ सबकॅरिअरच्या एका व्हेक्टरला फिल्टर लावताना ६४ मॅक सूचना लागतात. सोबत फिल्टरची ३२ लोड, डेटाची ८ लोड आणि ८ स्टोअर, अशा ४८ मेमरी सूचना. एका रांगेत त्या ११२ होतात, म्हणजे गुणक फक्त ५७ टक्के वेळ चालतात. थ्रेड कितीही टाका, हा आकडा हलत नाही. सूचना सोडण्याची जागाच भरलेली आहे, रिकामी नव्हे.

उपाय दोन. पहिला: एकाच सायकलमध्ये एक मॅक आणि एक लोड किंवा स्टोअर सुटेल अशी व्हीएलआयडब्ल्यू (अनेक सूचना एका पॅकेटमध्ये बांधून एकदम सोडणारी) रचना करा. क्वालकॉमचा हेक्सागॉन हा सिग्नल प्रोसेसर एका पॅकेटमध्ये चारपर्यंत सूचना सोडतो, आणि वर थ्रेडही ठेवतो. दुसरा: फिल्टर रजिस्टरमध्ये धरून ठेवा आणि अनेक सिम्बॉलना लावा. पण फिल्टर एकटाच ३२ व्हेक्टर रजिस्टरं घेतो, त्यामुळे प्रत्येक थ्रेडला ६४ लागतील. शिवाय १२ सिम्बॉल थांबवून ठेवायचे तर ६१४ केबी मेमरी हवी, आणि वेळेचं काय होतं ते प्रश्न ११ मध्ये आहे. तीन-तीन सिम्बॉलचे गट हा बरा मधला मार्ग.

७. बॅरल, ब्लॉक आणि एकाच वेळी चालणारे थ्रेड, यांतलं काय निवडू?

बॅरल पद्धतीत दर सायकलला पाळी पुढच्या थ्रेडकडे जाते. कल्पना जुनी आहे: १९६४ च्या सीडीसी ६६०० मधले दहा परिधीय प्रोसेसर असेच चालत. मोठा फायदा म्हणजे, रजिस्टर वाचल्यापासून उत्तर लिहिण्यापर्यंत जितक्या पायऱ्या तितके थ्रेड ठेवले तर फॉरवर्डिंग (उत्तर रजिस्टरमध्ये लिहिण्याआधीच पुढच्या सूचनेला पोचवणं) आणि परावलंबन तपासणारं हार्डवेअरच लागत नाही. सॉफ्टवेअर रेडिओसाठी बनवलेल्या सँडब्लास्टर प्रोसेसरने हाच मुद्दा धरला होता. एक थ्रेड दुसऱ्याचा वेळ खात नाही, म्हणून वेळेचा हिशेबही नेमका लागतो.

ब्लॉक पद्धतीत मोठी अडचण आली तरच थ्रेड बदलतो आणि बदलताना पाइपलाइन रिकामी होते. ४ सायकलच्या विलंबासाठी ती कुचकामी आहे. एकाच सायकलमध्ये अनेक थ्रेडांच्या सूचना सोडणारी पद्धत गुणक सर्वांत चांगली भरते, पण कुठला थ्रेड कधी संपेल हे आधी सांगता येत नाही. काटेकोर मुदतीच्या कामात आम्ही ती टाळायला सांगतो.

८. बॅरल घेतला, आता एकटं क्रमवार काम फार सावकाश चालतंय.

चालणारच. १ गिगाहर्ट्झ भागिले ४ थ्रेड म्हणजे प्रत्येकाला २५० मेगाहर्ट्झ. कंट्रोल चॅनेल उलगडण्यासारखं क्रमवार काम त्याच गतीने होतं, मग बाकीचे तीन झोपलेले का असेनात. झोपलेल्या थ्रेडची पाळी वगळायची सोय द्या. हेक्सागॉननेही पाचव्या पिढीत ठरावीक पाळी सोडून असा लवचीक फेरा घेतला. मात्र त्यासाठी प्रश्न ७ मध्ये वाचवलेलं फॉरवर्डिंग, निदान अडवून धरणारं इंटरलॉक, परत आणावं लागतं. फुकट नाही.

९. आठ थ्रेडांचा खर्च नक्की कुठे दिसतो?

रजिस्टर फाइलमध्ये. १६ लेन × १६ बिट म्हणजे २५६ बिटांचं रजिस्टर. अशी ३२ म्हणजे एका थ्रेडला १ केबी. आठ थ्रेडांना ८ केबी, आणि प्रश्न ६ मधली ६४ रजिस्टरं घेतली तर १६ केबी. ऐकायला किरकोळ आहे. पण ही साधी मेमरी नाही: दर सायकलला तीन वाचन आणि एक-दोन लेखन पोर्ट हवेत. वाचनाचा मार्ग लांबला की घड्याळाची गती पडते. गती टिकवायला पाइपलाइनची एक पायरी वाढवली की विलंब वाढतो आणि तो झाकायला आणखी थ्रेड लागतात. या भोवऱ्यात शिरू नका.

१०. ३२७६ सबकॅरिअर ४ थ्रेडांत कसे वाटायचे? ८१९ चे चार भाग बरोबर ना?

भागाकार बरोबर, वाटणी चुकीची. ८१९ ला १६ ने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक थ्रेडच्या शेवटी अर्धवट व्हेक्टर उरतो. शिवाय १२ सबकॅरिअरचा रिसोर्स ब्लॉक मधेच तुटतो.

चार रिसोर्स ब्लॉकचा गट करा: ४८ सबकॅरिअर, म्हणजे बरोबर ३ व्हेक्टर. प्रत्येक थ्रेडला असे १७ गट द्या. ६८ ब्लॉक × ४ = २७२. एकूण २७३ पैकी एकच ब्लॉक उरला. त्याचे १२ सबकॅरिअर एका मास्क लावलेल्या व्हेक्टरमध्ये शेवटच्या थ्रेडला द्या. वाटणी आधीच ठरलेली असल्याने लॉक लागत नाही, सिम्बॉलच्या शेवटी एक बॅरिअर (सगळे थ्रेड पोचेपर्यंत थांबण्याची जागा) पुरतो. तोही हार्डवेअरचा असू द्या. मेमरीतला झेंडा पुन्हा पुन्हा तपासत फिरणारा थ्रेड वीज खातो, आणि लवचीक फेऱ्यात इतरांच्या पाळ्याही.

नेटवर्कने सगळी बँडविड्थ तुम्हाला दिली नसेल, आणि बहुतेकदा देतही नाही, तर ही वाटणी मिळालेल्या ब्लॉकवर करा. ५ ब्लॉक मिळाले असतील तर दोन थ्रेड झोपवणंच शहाणपणाचं.

११. सगळा स्लॉट आला की एकदम प्रक्रिया केली तर सोपं नाही का?

कोड सोपा होतो, मुदत हुकते. ३० किलोहर्ट्झ अंतरावर साध्या क्षमतेच्या हँडसेटला डेटा संपल्यापासून पोच पाठवायला १० सिम्बॉल मिळतात, म्हणजे ३५७ मायक्रोसेकंद. जास्तीचे पायलट असतील तर १३ सिम्बॉल, ४६४ मायक्रोसेकंद. ५४ टक्के भार म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदापैकी सुमारे २७० मायक्रोसेकंद, तेही गुणक एकही सायकल वाया न घालवता चालले तर. एलडीपीसी डिकोडिंग, म्हणजे चुका दुरुस्त करण्याची पायरी, अजून बाकीच आहे.

पायलट सुरुवातीला येतात. ते हाती पडताच फिल्टर काढायला घ्या आणि डेटाचे सिम्बॉल येतील तसे सोडवत चला. स्लॉट संपेल तेव्हा शेवटचे एक-दोन सिम्बॉलच शिल्लक राहायला हवेत.

१२. मेमरी किती आणि कशी? कॅशे चालेल?

चॅनेलचे अंदाज: ३२७६ × १६ × ४ बाइट = २,०९,६६४ बाइट, सुमारे २०५ केबी. एका सिम्बॉलचा डेटा चार अँटेनांचा मिळून ५१ केबी. एक भरतोय आणि एक वापरात, म्हणून १०२ केबी. हे सगळं चिपवरच्या थेट पत्ता देता येणाऱ्या मेमरीत ठेवा आणि डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरने) भरा. कॅशेमुळे सरासरी छान दिसते, पण मुदत सरासरीवर पाळली जात नाही. बाहेरच्या मेमरीची शंभरेक सायकलची वाट पाहणं चार थ्रेडांनी झाकलं जात नाही. ते डीएमएचं काम आहे.

१३. बँक टक्कर थ्रेडमुळे होते का?

मेमरी बँकांत विभागलेली असते; एका सायकलमध्ये एकाच बँकेवर दोन मागण्या आल्या की टक्कर. शुद्ध बॅरलमध्ये थ्रेडांची आपापसात टक्कर होत नाही, कारण एका सायकलमध्ये एकच थ्रेड मेमरीला हात लावतो. तरी दोन जागी ती होते. एक, त्याच वेळी डीएमए लिहीत असतो. दोन, एकाच व्हेक्टरच्या आत: १६ बँका असताना १६ शब्दांच्या अंतराने गोळा करायला गेलात की सोळाही लेन एकाच बँकेवर आदळतात आणि एका सायकलचं काम १६ सायकल घेतं. ४×४ मॅट्रिक्स सलग ठेवला की नेमकं हेच घडतं, कारण त्यात १६ घटक आहेत. ओळीची लांबी १७ करा, किंवा त्याहून बरं म्हणजे मॅट्रिक्सचा प्रत्येक घटक सगळ्या सबकॅरिअरसाठी वेगळ्या सलग पट्ट्यात ठेवा. मग गोळा करावंच लागत नाही.

१४. सोळा बिट पुरतात का? सिम्युलेशनमध्ये छान चालतं, खऱ्या चॅनेलवर कोसळतं.

डेटाला पुरतात, ग्राम मॅट्रिक्सला बरेचदा नाही. चॅनेलची कंडिशन संख्या (मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान ताणाचं गुणोत्तर) १०० असेल, म्हणजे ४० डीबी, तर ग्राम मॅट्रिक्सची १०,००० होते: ८० डीबी. चिन्हाचा बिट सोडून १५ बिटांत जेमतेम ९० डीबी मावतात. उरलेल्या १० डीबीत व्यस्त काढणं म्हणजे कसरत. एमएमएसईमध्ये (सरासरी वर्ग-त्रुटी किमान ठेवणाऱ्या फिल्टरमध्ये) कर्णात नॉइजची पॉवर मिळवली जाते, तिने सिग्नल कमजोर असताना हे झाकलं जातं. सिग्नल चांगला, २५६-क्वॅम (एका सिम्बॉलला २५६ शक्य बिंदू) चालू आणि अँटेनांचे सिग्नल जवळपास एकसारखे, अशा वेळी ते उघडं पडतं. म्हणून ‘सिग्नल सुधारला आणि चुका वाढल्या’ अशी तक्रार आली की आधी इथे बघा.

उपाय: ग्राम मॅट्रिक्स ३२ बिटांत जमा करून ब्लॉक फ्लोटिंग पॉइंटने (पूर्ण गटाला एकच घातांक) आकार द्या, किंवा ग्राम टाळून क्यूआर पद्धत (चॅनेलचा मॅट्रिक्स लंबकोनी आणि त्रिकोणी भागांत फोडणं) घ्या. क्यूआरमध्ये कंडिशनचा वर्ग होत नाही, पण गणित वाढतं. भागाकारासाठी संख्या नॉर्मलाइझ करा, ८ बिटांच्या तक्त्यातून सुरुवात घ्या आणि न्यूटन-रॅफसनची एक फेरी करा. अचूक बिट दर फेरीला सुमारे दुप्पट होतात. या फेरीतले दोन गुणाकार एकामागोमाग अडतात. प्रश्न ४ मध्ये थ्रेड हवेत म्हटलं ते याच जागेसाठी.

१५. क्यूपीएसके व्यवस्थित, १६-क्वॅमपासून पुढे चुका. प्रोसेसरमध्ये बग आहे का?

बहुधा प्रोसेसर निर्दोष आहे. एमएमएसईचं उत्तर किंचित आकसलेलं येतं: खऱ्या मूल्याला शून्य ते एकमधल्या संख्येने गुणलेलं. क्यूपीएसकेचा (चारच बिंदूंचा) निर्णय फक्त चिन्हावर होतो, म्हणून फरक कळत नाही. १६-क्वॅममध्ये अंतर मोजावं लागतं आणि बाहेरचे बिंदू आत सरकलेले दिसतात. फिल्टर आणि चॅनेल यांच्या गुणाकारातल्या कर्णाच्या घटकाने प्रत्येक लेअरला भागा, आणि बिटांची विश्वासार्हता काढताना नॉइजचं मोजमापही त्याच प्रमाणात बदला. दुसरी पायरी राहून गेली तर चुका कमी होतात, पण डिकोडर निष्कारण जास्त फेऱ्या मारतो.

१६. एका रिसोर्स ब्लॉकला एकच फिल्टर वापरून १२ पट काम वाचवलं तर?

लहान खोलीत, छोट्या विलंबात, चालतं. ब्लॉकची रुंदी ३६० किलोहर्ट्झ आहे. विलंबाचा प्रसार १ मायक्रोसेकंद असेल तर चॅनेल साधारण २०० किलोहर्ट्झपर्यंतच सारखा राहतो. ब्लॉकच्या दोन टोकांना एकच फिल्टर लागू पडणार नाही. विलंब मोजून दर २, ४ किंवा १२ सबकॅरिअरला फिल्टर, अशी निवड सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. वाचलेल्या वेळात थ्रेड झोपवता येतात, बॅटरीला फरक इथेच पडतो.

१७. सायक्लिक प्रीफिक्सपेक्षा उशिराचे पडसाद आले तर?

प्रीफिक्स म्हणजे प्रत्येक सिम्बॉलच्या पुढे जोडलेली त्याच्याच शेपटाची प्रत, उशिराचे पडसाद तिच्यात जिरतात. ती अपुरी पडली की प्रति-सबकॅरिअर फिल्टर पुरा पडत नाही. ३० किलोहर्ट्झला प्रीफिक्स सुमारे २.३४ मायक्रोसेकंद, म्हणजे वाटांतला फरक ७०० मीटरपर्यंत. १५ किलोहर्ट्झला ४.७ मायक्रोसेकंद, सुमारे १.४ किलोमीटर. सह्याद्रीच्या घाटात समोरच्या कड्यावरून येणारा पडसाद हे अंतर सहज ओलांडू शकतो. एलटीईच्या चाचणीतलं ईटीयू हे शहरी चॅनेलचं मॉडेलही ५ मायक्रोसेकंदांपर्यंत जातं, सामान्य प्रीफिक्सच्या किंचित पुढे. एफएफटीची (सिग्नल सबकॅरिअरांत फोडणाऱ्या गणिताची) खिडकी थोडी सरकवून सगळ्यात मोठे पडसाद आत घ्या, उरलेलं नॉइज म्हणून धरा. थ्रेड वाढवून हे सुटत नाही.

१८. एलएमएस, डीएफई किंवा व्हिटर्बी इक्वलायझर थ्रेडांत वाटता येतात का?

एलएमएस चुकीनुसार फिल्टर सुधारत जातो, डीएफई आधीचे निर्णय वजा करतो, व्हिटर्बी सर्वांत संभाव्य क्रम शोधतो. एका प्रवाहाच्या आत, सहसा नाही. एलएमएसचा पुढचा फिल्टर आधीच्या त्रुटीवर, डीएफईचा पुढचा निर्णय आधीच्या निर्णयावर आणि व्हिटर्बीच्या स्थिती आधीच्या स्थितींवर अवलंबून असतात. थ्रेडांना वेगवेगळे प्रवाह द्या: एक अँटेना किंवा एक कॅरिअर एकेकाला. त्रुटी काही नमुने उशिरा वापरणारा एलएमएस घेता येतो, पण त्याची पावलं लहान ठेवावी लागतात, नाहीतर तो भरकटतो.

जीएसएम हा सुंदर अपवाद आहे. १४८ बिटांच्या बर्स्टमध्ये मधोमध २६ बिटांचा ओळखीचा क्रम असतो आणि दोन्ही बाजूंना ६१-६१ बिट. मधून सुरुवात करून एक थ्रेड उजवीकडे, दुसरा काळाच्या उलट दिशेने डावीकडे जाऊ शकतो. दोघांची सुरुवातीची स्थिती माहीत असल्याने एकमेकांची वाट पाहावी लागत नाही.

१९. कॉलेज प्रोजेक्टसाठी एफपीजीएवर हे जमेल का?

छोट्या मापात नक्की. झिंक-७०२० या एफपीजीए (जुळणी बदलता येणाऱ्या) चिपमध्ये २२० डीएसपी स्लाइस (तयार गुणक) आणि ३६ किलोबिटांचे १४० ब्लॉक रॅम आहेत. चार थ्रेड, १६ लेन, दर लेनला एक स्लाइस घ्या. घड्याळ १०० मेगाहर्ट्झ धरा. क्षमता सेकंदाला १.६ अब्ज मॅक होते. २० मेगाहर्ट्झ एलटीई, २×२: १२०० × १४ × १६ = २,६८,८०० मॅक दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ कोटी. आरामात बसतं.

रजिस्टर फाइल ब्लॉक रॅममध्ये करा आणि थ्रेडचा क्रमांक पत्त्याचे वरचे दोन बिट म्हणून जोडा. थ्रेड बदलणं त्या दोन बिटांवर भागतं. एका ब्लॉक रॅमला एकाच वेळी हवे तितके वाचन पोर्ट मिळत नाहीत, म्हणून तीच रजिस्टरं दोन-तीन प्रतींत ठेवा आणि लिहिताना सगळ्यांत लिहा. स्लाइसचा गुणक २५×१८ बिटांचा आहे. त्यामुळे तीन गुणाकारांत संमिश्र गुणाकार करण्याच्या युक्तीत बेरजेचा जो सतरावा बिट येतो, तोही मावतो.

२०. तपासणी कशी करावी?

तेच इनपुट आधी फ्लोटिंग पॉइंट मॉडेलला, मग बिटाबिटाने जुळणाऱ्या फिक्स्ड पॉइंट मॉडेलला, मग हार्डवेअरला द्या. पहिल्या दोघांत फरक असेल तर अचूकता कमी, नंतरच्या दोघांत असेल तर बग. चाचणीत कंडिशन संख्या १०० च्या पुढच्या मॅट्रिक्स मुद्दाम घाला; यादृच्छिक चॅनेलमध्ये त्या क्वचितच येतात. एका थ्रेडवर आणि चार थ्रेडांवर तोच कोड चालवून उत्तरं बिटाबिटाने ताडून पाहा. फरक पडला तर बॅरिअरच्या आधीचं स्टोअर अजून मेमरीत पोचलेलं नव्हतं, हा पहिला संशयित.